चोवीस नंबरची जागा

उभा जन्म मी अर्थशास्त्र शिकवलं. मागणी-पुरवठ्याचा नियम फळ्यावर इतक्या वेळा काढला की खडूच्या धुळीने माझ्या निम्म्या साड्यांचे काठ पांढरे पडले. पण पालघर स्टेशनवर एखादा टक्कल पडलेला माजी विद्यार्थी भेटला आणि पाया पडला, तर तो त्या नियमाबद्दल चकार शब्द काढत नाही. तो म्हणतो, "बाई, तुम्ही बदामाच्या झाडाखाली टेबल टाकून बसायचात ना? तुम्हीच मला कॉलेजात ढकललंत." ढकलल्याबद्दल आभार मानणारी माणसं फार थोड्यांच्या नशिबी येतात. म्हणून दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा अशी मागणी आली तेव्हा अर्थशास्त्र बाजूला ठेवून मी त्या टेबलाबद्दलच लिहायचं ठरवलं.

मी मूळची कोल्हापूरकडची. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं तेव्हा आमचे हे तिथे ज्युनियर इंजिनियर म्हणून लागले आणि आम्ही बोईसरला एका खोलीत संसार मांडला. सिमेंटच्या ट्रकांची धूळ पोळीवर बसायची, शेजारी एक बिऱ्हाड साताऱ्याचं, एक नागपूरचं, समोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये हिंदी बोलणारे मजूर. पालघरला तेव्हा नुकतंच कॉलेज निघालं होतं. मी एम.ए. झालेली, घरात बसून भिंती मोजायचा कंटाळा आलेला. अर्ज केला आणि लागले.

आमचे प्राचार्य तर्कशास्त्राचे. सडसडीत, एकटा जीव, बोलणं इतकं मुद्देसूद की चहा हवा असला तरी आधी दोन विधानं करून मग निष्कर्ष म्हणून चहा मागायचे. पहिल्याच जूनमध्ये ते मला म्हणाले, "मानेबाई, नवे विद्यार्थी गोंधळलेले असतात. गोंधळलेल्या माणसाला मोठ्याने सांगावं लागतं. तुमचा आवाज मोठा आहे. तेव्हा तुम्ही बाहेर बसा." अशा रीतीने प्रवेश-मार्गदर्शन ही जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. पात्रता काय, तर गळा.

काम ऐकायला सोपं होतं. अकरावीची परीक्षा पास झालेल्या मुलाला आणि त्याच्याबरोबर आलेल्या माणसांना सांगायचं की पुढे एक वर्ष प्री-डिग्री, मग एक वर्ष इंटर, आणि त्यानंतर दोन वर्षांनी बी.ए. किंवा बी.एस्सी. आर्ट्स घेतलं तर हे विषय, सायन्स घेतलं तर ते. विषय कुठले घ्यायचे ते आत्ताच ठरवा, मागाहून बदलायचे म्हणजे डोकेदुखी. वर्गात हजर राहा. हजेरी भरली नाही तर टर्म मिळत नाही, आणि टर्म मिळाली नाही तर परीक्षेला बसता येत नाही. एवढंच. पण समोर बसलेल्या माणसाच्या सात पिढ्यांत कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नसायचं. शाळा अकरावीला संपते म्हणजे शिक्षण अकरावीला संपतं, असाच गावोगाव हिशेब होता.

एडवणहून एक वाडीवाले आले होते. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात स्वतःच्या झाडाची दोन शहाळी. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "नारळ सहा-सात वर्सांनी धरतो. चिकू त्याचे आधी. तुमचा बी.ए. चार वर्सांनी धरतो म्हनता. मंग धरल्यावर किती वर्सं देतो?" मी म्हटलं, "जन्मभर देतो." ते म्हणाले, "आनि खत?" मी म्हटलं, "दर सत्राला फी." त्यांनी मान डोलावली आणि मुलाला तिथेच लावून टाकलं. शहाळी मात्र मला देऊन गेले, त्यामुळे पहिलं उत्पन्न माझ्याच पदरात पडलं.

बोईसरच्या एका ठेकेदाराचं याच्या उलट. तो थेट म्हणाला, "बहनजी, सर्टिफिकेट पहले दे दीजिए. पढ़ाई लड़का धीरे-धीरे कर लेगा." मी म्हटलं, "भाईसाब, आप मकान पहले देते हैं और ईंट बाद में लगाते हैं क्या?" तो म्हणाला, "कभी कभी." इतक्या प्रामाणिक माणसावर रागवणार तरी कसं? त्याच्या इमारतीखालून मात्र मी कधी गेले नाही.

तर असं हे टेबल. सांगायची गोष्ट सातपाटीकरांची आहे.

कॉलेजचं दुसरं की तिसरं वर्ष असेल. मला तेव्हा सातवा महिना होता. जूनची उमस, बदामाचं झाड, आणि मी टेबलामागे कशीबशी मावलेली. फाटकातून एक मोठा घोळका आत आला. पुढे एक बाई, गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा, चाल अशी की फाटक आपोआप उघडावं. मागे सहा मुलगे, नवे शर्ट घातलेले, आणि सगळ्यांच्या शेवटी डोक्यावर टोपली घेतलेली एक किडकिडीत मुलगी.

बाईंनी आधी माझ्याकडे नीट पाहिलं. "पोटुशी हायेस आनि उन्हात कशाला बसलीस गो बाय? आत पुरुसमानसं काय करतात?"

मी म्हटलं, "आत पुरुषमाणसं तर्क करतात."

ती खळखळून हसली आणि तिथून आमचं जमलं. तिचं नाव हिराबाई. नवरा तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या. बोट समुद्रात त्याच्या शब्दावर चाले आणि घर, बाजार, सुकी मासळी, सगळा व्यवहार हिच्या शब्दावर. सातपाटीत सहा बोटींच्या घरांनी मिळून ठरवलं होतं की एकेका बोटीचा एकेक मुलगा कॉलेजात घालायचा. नेऊन घालायचं काम हिराबाईकडे, कारण जून म्हणजे बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, आणि पुरुष जाळी विणत बसलेले.

"आता आयक," हिराबाई म्हणाली आणि तिने मुलांना ओळीने उभं केलं. "हा इंग्रजी. हा हिशोब. हा इतिहास. हा मराठी, याचं अक्षर बरं हाय. हा लॉजिक का काय ते. आनि हा भूगोल, याला तसाही वारा समजतो."

मला कळेना. "म्हणजे?"

"म्हंजे वाटून घेतलंय. बोटीवर सगल्यांनी सुकानू धरला तर जालं कोन ओढंल? एकेकानं एकेक शिकायचं. डिग्री आली की सोसायटीचे हापिसात टांगू."

सहा जणांत मिळून एक डिग्री. मी हसू दाबायचा प्रयत्न केला, तो माझ्या अवस्थेत धोक्याचा होता. पण नीट विचार केला तर त्यात हसण्यासारखं काय होतं? बोटीवर प्रत्येकाचं काम वेगळं आणि मासळी सगळ्यांची. बोट चालते ती अशीच. कॉलेजच उलटं चालतं: सगळ्यांनी तेच शिकायचं आणि डिग्री ज्याची त्याची. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा हिराबाईला ते अगदीच आपमतलबी वाटलं. "येवढी मानसं आनि सगली तेच शिकनार? नुसती खराबी!" पण कायदा आहे म्हटल्यावर तिने मान्य केलं, आणि सहाही मुलगे सहाही विषयांसकट आर्ट्सला लागले.

'हिशोब' वाटणीला आलेला मुलगा हिराबाईचाच. हरी. खांदे दाराएवढे, आणि बाकावर बसला तर बाकाची दया यावी. त्याचं नाव चोविसाव्या नंबरला लागलं. हिराबाई त्याला जरा पुढे जाऊ देऊन माझ्या कानाशी वाकली.

"बाय, याचेवर लक्ष ठेव. तीन वर्सांमागे माजा दीर दर्यात गेला तो परत नाय आला. दर्यानं आमचे घरातला एक नेला. हरीला मना जमिनीवर ठेवायचा हाय. याला शिकव, हापिसात बसव, काय पन कर. पन जमिनीवर ठेव."

ती एवढा वेळ सगळ्या जगाची थट्टा करत होती. हे बोलताना तिचा आवाज एकदम खाली गेला. माझा हात नकळत पोटावर गेला.

टोपलीवाली मुलगी तोपर्यंत झाडाला टेकून आमचं माहितीपत्रक वाचत उभी होती. मी विचारलं, "ही कोण?"

"जमना. त्या दीराचीच पोर. माजे सोबतीला आली."

"अकरावी झाली?"

"झाली. या सगल्यांचे वर मार्क हायेत," हिराबाई अभिमानाने म्हणाली.

"मग हिचं नाव?"

"हिचं कशाला? हिचे घरातनं आता बोटीवर कोन नाय."

तेव्हा ती मुलगी पहिल्यांदा बोलली. डोळे माहितीपत्रकावरच. "जालं हाय, काकी."

 मला त्याचा अर्थ नंतर समजला. बोटीच्या मिळकतीचे वाटे पडतात ते नुसते माणसांचे नाहीत. बोटीचा वाटा असतो, तांडेलाचा असतो आणि जाळ्याचाही असतो. माणूस गेला तरी त्याचं जाळं बोटीवर जात असेल तर वाटा त्याच्या घरी येतो. जमनाच्या बापाचं जाळं अजून तांडेलकाकाच्या बोटीवर जात होतं, आणि त्यावर तिचं आणि तिच्या आईचं घर चालत होतं. पण बोटीमागे मुलगा एकच ठरलेला होता, आणि तो हरी होता. "चल गो, टोपली उचल," एवढंच हिराबाई म्हणाली. जाताना माझ्यासाठी सुक्या बोंबलांची जुडी ठेवून गेली. आमच्या कोल्हापुरी घरात त्या वासाने दोन दिवस रणकंदन माजलं होतं.

पुढे मी बाळंतपणाला माहेरी गेले. माझ्या जागी एक तरुण लेक्चरर हंगामी नेमला गेला. मुलगा झाला, बारसं झालं, आणि बाळाला बोईसरला येऊन राहिलेल्या सासूबाईंच्या हवाली करून मी दसऱ्यानंतर परत कामावर हजर झाले. सत्र संपत आलं होतं, परीक्षा तोंडावर.

प्री-डिग्रीच्या वर्गावर गेले आणि हजेरी घ्यायला लागले. आमच्याकडे नावं नाहीत, नंबर पुकारायची पद्धत होती. मान खाली घालून नंबर म्हणायचे आणि "येस मॅडम" ऐकलं की खूण करायची.

"तेवीस."

"येस मॅडम."

"चोवीस."

"येस मॅडम."

आवाज मुलीचा. मी मान वर केली. मुलींच्या बाकावर जमना उभी होती. नीट वेणी घातलेली, हातात वही, चेहऱ्यावर चोरी-लबाडीचा मागमूस नाही.

"तू चोवीस?"

"हां बाई. हरीची बदली."

मला वाटलं, आता वर्गात हशा पिकेल. कुणी हसलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त आम्हा शिकवणाऱ्यांना. माझे सहकारी सगळे पुरुष, बिचारे इतके सज्जन की मुलींच्या बाकाकडे नजर वर करून बघायचं म्हणजे त्यांना घाम फुटे. त्यांनी नंबर ऐकला, खूण केली, पुढे गेले.

तास संपल्यावर मी जमनाला व्हरांड्यात घेतलं. झालं होतं ते असं. नारळी पौर्णिमेला बोटी दर्यात गेल्या. तांडेलाच्या बोटीवरचे दोन खलाशी त्याच सुमाराला तारापूरला बांधकामावर मजुरीला लागले, कारण तिथे लाटा नव्हत्या आणि रोजंदारी ठरलेली होती. बोटीला हात कमी पडले. थोडे दिवस म्हणून हरी गेला. आणि बोटीवरचा माणूस आजारी पडला तर त्याच्या घरचं दुसरं कुणी त्याच्या जागी जातं, बोट रिकाम्या हाताने निघत नाही, हे तर सातपाटीतलं शेंबडं पोरही जाणतं. इथे कॉलेजात हरीची जागा रिकामी झाली. घरातलं दुसरं कोण? जमना. तिला पाठवलं. थोडे दिवस म्हणता म्हणता दसरा उजाडला.

"आणि परीक्षेला कोण बसणार?" मी विचारलं.

"हरी."

"त्याला काही येतं?"

"मी रोज वाचून दाखवते, बाई. तो आयकतो. आयकता आयकता झोपतो."

"आणि तुला?"

तिने वही छातीशी धरली. "मला येतं," ती म्हणाली आणि मग इतकं हळू बोलली की मला वाकावं लागलं. "पन परीक्षा झाली की माझी बदली संपनार ना, बाई?"

 या पोरीला आपण काही गैर करतोय याची कल्पना नव्हती. तिला एवढंच कळत होतं की ज्या बाकावर ती एवढे दिवस बसली तो तिचा नाही.

प्राचार्यांना सांगणं भाग होतं. त्यांनी ऐकलं आणि ते खुर्चीतून उठून उभेच राहिले. "विधान एक: चोवीस नंबर रोज हजर होता. विधान दोन: चोवीस नंबर म्हणजे हरी. विधान तीन: हरी रोज समुद्रात होता. बाई, हे तर्काच्या बाहेरचं आहे! दोघांनाही काढून टाकतो."

"सर, जमना कॉलेजात नाहीच. तिला काढणार कुठून?"

ते पुन्हा खुर्चीत बसले.

दुसऱ्या दिवशी हिराबाई आली, बरोबर हरी आणि जमना. हरीच्या तळव्यांना दोरांचे वळ पडले होते आणि तो खोलीत मावत नव्हता. हिराबाईने आत आल्याबरोबर प्राचार्यांकडे न बघता मला विचारलं, "काय झाला गो?"

"मुलगा."

"बरा हाय? दूध येतंय?" मी हो म्हटल्यावर ती वळली. "हां, आता बोला सायेब."

प्राचार्यांनी तोतयेगिरी, शिस्त आणि विद्यापीठाचे नियम यावर बरंच काही सुनावलं. हिराबाईने मधे एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाली, "सायेब, ही बाय बालंतपनाला गेली तवा हिचे जागेवर कोन शिकवत होता?"

"हंगामी लेक्चरर होते."

"म्हंजे बदलीवाला. त्यानं शिकवलं ते खोटं काय?"

"नाही. पण..."

"तुमचे मास्तरला बदली चालते, मंग आमचे पोराला का नाय?"

 तर्कशास्त्र शिकवण्यात प्राचार्यांनी जन्म घालवला होता, पण असं विधान त्यांच्यापुढे कधी आलं नव्हतं. मी खिडकीतून बाहेर बघू लागले, कारण दुसरा इलाज नव्हता. ते म्हणाले, "त्यांना नेमणुकीची ऑर्डर दिली होती."

"मंग हिला पन द्या ऑर्डर."

आणि प्राचार्य हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते पहिल्यांदा. दातसुद्धा चांगले होते. पण हसून झाल्यावर ते गंभीर झाले आणि त्यांनी हिराबाईला समोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं.

"ऑर्डर देता येईल," ते म्हणाले. "वर्गाच्या जागा भरलेल्या आहेत. एक जागा रिकामी झाली, तर त्या जागेवर उशिरा प्रवेश द्यावा अशी शिफारस मी विद्यापीठाला करीन. ही मुलगी रोज वर्गात होती हे आम्ही सगळे लिहून देऊ. पण जागा एकच आहे बाई. हरीचं नाव काढलं तरच हिचं लागेल. नाही काढलं, तर हरीची हजेरी खरी नाही, त्याची टर्म मी देणार नाही. मग दोघांचंही वर्ष जाईल. काय ते तुम्ही ठरवा."

 दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, यात ठरवायचं ते काय? दोघांचं जाण्यापेक्षा एकीचं राहिलेलं बरं. पण मी जूनमध्ये झाडाखाली बसलेली होते. हिराबाईला काय मागितलं जातंय ते मला माहीत होतं. हरीचं नाव काढणं म्हणजे तिने आपल्या हाताने पोराला बोटीत चढवणं होतं.

"आये," हरी खालच्या मानेने म्हणाला, "मना नाय जमत इथे. मना दर्याच बरा."

"तू गप," हिराबाई म्हणाली. तिने जमनाकडे बघितलं. जमना रडत नव्हती, काही मागतही नव्हती. नुसती भिंतीला टेकून उभी होती, त्या दिवशी झाडाला टेकली होती तशी. हिराबाईने पदराने तोंड पुसलं, मग डोळे पुसले, आणि प्राचार्यांना म्हणाली, "हिचे बापाचं जालं हाय आमचे बोटीवर. जाल्याचा वाटा र्‍हायला होता. लिवा हिचं नाव."

जमना तिथेच खाली बसली आणि काकीच्या मांडीत तोंड खुपसून रडली. हरी दोघींच्या मधे उभा राहून कधी हिला, कधी तिला थोपटत होता. प्राचार्यांनी मला उगीचच शिपायाला हाक मारायला सांगितलं.

निघताना हिराबाई दारात थांबली. "बाय, हरीची जागा पुढचे जूनला धरून ठेवशील?"

"ठेवीन की."

"सबूत काय?"

"माझी जीभ," मी म्हटलं. "एवढ्या मोठ्या आवाजाने दिलेला शब्द मागे कसा घेणार?"

जमना प्री-डिग्री पास झाली, मग इंटर. ती अर्थशास्त्रात माझ्यापेक्षा सरस निघाली, हे मला कौतुकाने सांगवतं आणि थोडं खुपतंही. दर जूनला मी टेबल मांडलं की एक दिवस हिराबाई फाटकाशी यायची. डोक्यावर टोपली, बाजाराला निघालेली. आत न येता तिथूनच ओरडायची, "हरीची जागा हाय ना गो?" मी इथून ओरडायचे, "आहे!" आणि ती निघून जायची. दोघींनाही ठाऊक होतं की हरी येणार नाही. त्याचं लग्न झालं, तो बापाच्या हाताखाली पक्का खलाशी झाला, पुढे बोटीला इंजिन बसलं तेव्हा त्याच्याइतका आनंद कुणालाच झाला नसेल. तो सुखात होता. पण वादळाची हवा सुटली आणि बोईसरच्या खोलीचे पत्रे वाजू लागले की मी कुशीत निजलेल्या पोराला जवळ ओढायचे आणि मला हिराबाई आठवायची. 'जमिनीवर ठेव' म्हणाली होती. ते काही मला जमलं नाही. एका पोरीला बाकावर बसवलं, पण त्या माउलीने माझ्याकडे मागितलं होतं ते हे नव्हे.

जमना बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा मी तिला जूनमध्ये टेबलावर माझ्या शेजारी बसवलं. सातपाटीची, दांडी-नवापूरची पोरं माझ्या आवाजाला घाबरत, तिच्याशी मात्र घरच्यासारखी बोलत. कुणी विषय वाटून घेऊन आला की ती त्यांच्याच बोलीत समजवायची, "नाय रे, इथे सगल्यांनी सगलं ओढायचं." मी नुसती बसून शहाळं प्यायचे. एडवणच्या वाडीवाल्यांचा धाकटा मुलगा तेव्हा आमच्याकडे लागला होता.

त्या वर्षी हिराबाई फाटकाशी थांबली नाही. आत आली. टोपली खाली ठेवली आणि टेबलासमोरच्या स्टुलावर बसली. आता थोडी थकलेली दिसत होती, गजरा मात्र तसाच.

"हरीची जागा हाय ना?"

"आहे, मावशी."

"मंग आयक. हरीला पोरगी झाली. काल. आता ती जागा तिची."

 इतकी वर्षं ज्या आवाजावर नोकरी टिकवली तो ऐन वेळी गेला. कसंबसं विचारलं, "नाव काय ठेवलं?"

"अजून बारसा व्हायचा हाय. नाव मागनं सांगते. आत्ता नुसती जागा ठेव."

माझ्या आधी जमनाच उठली. टेबलाला वळसा घालून ती हिराबाईपाशी गेली आणि तिने तिची टोपली उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतली.

"ठेवली, काकी," ती म्हणाली. "चल, मना पोरगी दाखव."